चीक

भुसावळात मे महिन्यात दिवसा पॉलिश होत नाही.
बोनेटवर टाकलेलं कंपाउंड
मशीन फिरायच्या आत खडू होतं.
म्हणून रात्री, शटर अर्धं ओढून,
जामनेर रोड निजल्यावर.

फेगडे मॅडमची गाडी सावद्याहून आली.
मागच्या सीटवर केळीचा चीक,
तीन उन्हाळे मुरलेला, काळा.
"निंघीन का हो?"
मग आपणच म्हणाल्या, "कपड्याचा तर निंघत नाही."

सादिकनं सीट सोडवली.
रुळांच्या फटीत शेंगांची टरफलं,
अक्षरं उडालेली टोलची पावती,
भरताच्या वांग्याचं वाळकं देठ,
पेनाचं निळं टोपण.
सगळं पिशवीत बांधलं.
कचरा कुठला, ते धुणाऱ्यानं ठरवू नये.

चीक वाफेनं सुटला,
ब्रशखाली तपकिरी पाणी होऊन
तीन बादल्या.

दारावरचा ओरखडा मात्र खोल.
लोकांना वाटतं, ओरखडा भरतात.
भरत नाहीत. आजूबाजूचा चांगला रंग घासून
त्याच्या तळापर्यंत खाली आणतात.
चकाकतं ते उरलेलं असतं.
मीटर लावला. फार उरलं नव्हतं.
"अजून एक हात?" सादिक म्हणाला.
मी पिन काढली.
यार्डात मालगाडी धडधडत जोडली जात होती.

सकाळी मॅडमनी दारावरून नख फिरवलं.
एका जागी अडलं.
काही बोलल्या नाहीत.
आत बसून वास घेतला,
पैसे मोजले,
पिशवीतून टोपण तेवढं पर्समध्ये टाकलं
आणि देठ हातात धरून
बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.