थांब म्हटल्यावर

नऊ वाजता सेतू केंद्राचं शटर अर्धं ओढते मी.
सातबारे, जातीचे दाखले, अंगठ्याचं यंत्र
एका कडेला सारून
पायाखाली बारदाना घेते, पुसात लाद्या फार गार,
आणि पाताळातून एकेकाला हाक मारते.

पहिला चिंगाट्या. वीतभर, तोंडात जाळ.
लांबून ठिणग्या फेकतो, अखंड बडबडतो,
कोणी नखानं टोचलं तरी मरतो.
मग पैंजणवाली, हातात चाबूक.
ती समोरच्याला भुलवते तेवढ्यात मी मंत्र पुरा करते.
अडीच सेकंदांचा मंत्र.
अंगावर कोणी धावून येत असताना
अडीच सेकंद म्हणजे काय, ते कळतं.
एक कुत्रा आहे, डोळे नसलेला,
दुसऱ्यांची जादू चाटून खातो.
आणि ढग्या.
निळा, पाय नाहीत, नुसता धूर आणि मनगटांत कडी.
मारत नाही फारसं. पुढं जाऊन उभा राहतो.
सगळे त्यालाच मारतात.

एका वेळी एकच बाळगता येतो.

लटारू मेश्राम शटरखालून वाकून आत येतो.
चाळीस वर्षं गावची ढोरं वळली त्यानं,
दीडशे होती, आता अकरा.
खुर्ची नको म्हणतो, पोत्यावर बसतो.
‘ह्यायले चारा काय?’
‘आत्मे.’
‘मंग परवडते.’

गुरुवारी मोठी लढाई. सोबत गुवाहाटीचा एक,
विराटनगरचा एक, अकोल्याची एक जी कधीच बोलत नाही.
‘कोनता नेऊ, आबा?’
‘हाक मारून पाय.’

चिंगाट्याला म्हटलं, थांब.
तो धावत गेला आणि आणखी तिघांना घेऊन आला.
‘लय शहाना हाय. शहान्याले पुढं धाडू नोको.’
पैंजणवालीकडे त्यानं पाहिलंच नाही,
टोपी तेवढी सारखी केली.
कुत्र्याला म्हणाला, भुकेलं हाय, भुकेल्याचा भरोसा नाही.
ढग्याला थांब म्हटलं.
दोन राक्षस अंगावर, तरी थांबला.
‘हा,’ लटारू म्हणाला.
खर्ऱ्याची पन्नी हातातच राहिली त्याच्या.

‘अन् ह्या कवटीचं बटन काहाचं?’
‘बळीचं. ढग्या मरतो,
त्याचा जीव माझ्याभोवती ढालीसारखा फिरतो, तीस सेकंद.’
‘मंग?’
‘मंग पुन्हा बोलवायचा. एक दगड खर्च होतो.’
‘थोच येते?’
‘तोच. नावासकट.’

पंखा बंद होता, तरी त्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला,
‘टिपेश्वराच्या कडेले, तूर उभी होती,
माहा मोऱ्या असाच उभा रायला वाघापुढं.
मी बाभळीवर.
मी त्याले थांब म्हटलंच नोतं.’

काय बोलायचं यावर.
मी चिंगाट्याला परत पाठवलं.

गुरुवारी लाइट दोनदा लपकली, इन्व्हर्टरनं धरून ठेवली.
त्या शिंगाळ्याचा जीव चार टक्के उरलेला,
विराटनगरचा पडलेला, गुवाहाटीचा कानात ओरडतोय,
ढग्या पुढं, मी मागं.
दाबलं.
तीस सेकंद मला कुणी हात लावू शकलं नाही.
जिंकलो.
अकोल्याची पहिल्यांदा बोलली: भारी.
मला पाताळी हातमोजे मिळाले, काळे, बोटांतून धूर निघतो.
एक दगड फोडला. ढग्या आला.
तेच वाक्य, त्याच आवाजात: काय हुकूम.
मी हुकूम दिला नाही. तो उभाच.
घरी जायला उशीर झाला.

शुक्रवारी लटारू ई-केवायसीला आला,
बोटं झिजलेली, गेल्या वेळी सातदा ठेवली तेव्हा उमटली.
‘वाचला काय?’
‘आला ना परत.’
‘ते नाही इचारलं मी,’ म्हणाला
आणि अंगठा पुसून काचेवर ठेवला.

यंत्र म्हणालं, ओळख पटली नाही,
पुन्हा प्रयत्न करा.