दोन एल

पिंपळखुट्यात रेंज येते ती फक्त
पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर.
तिथं सातव्या पायरीवर बसून अस्मिता ढोके
फ्रेंच शिकते. नागपूरच्या हॉटेल कॉलेजात
सोमवारी तिची तोंडी परीक्षा आहे.
मी रिटायर, इंग्रजीचा मास्तर, शब्द विचारायला बसलेला
सहाव्या पायरीवर. त्याच्यावर गुडघा नाही म्हणतो.

'टेबल,' मी तिच्या वहीतून वाचतो.
'ताब्ल, सर.'
'ऑरेंज.'
'ओराँझ.' आणि र असा घशातून काढते
की तिचा आजा पहाटे मोरीत खाकरतो तसा.
'हॉटेल.'
'ओतेल. एच नुसता लिहायचा.'
पॅरिसचा एससुद्धा बसून असतो म्हणे,
ग्रामसभेत सही करून
तोंड न उघडणाऱ्या मेंबरासारखा.

पी, ए, आय, एन.
हे तरी मला येतं: पेन. दुखणं.
एकतीस वर्षं शिकवलं.
'पँ,' ती म्हणते, शेवट नाकात सोडून.
'म्हणजे पाव.'

मग एक शब्द, फॅमिलीच्या तोंडावळ्याचा,
मधे दोन एल.
मी दोघांनाही नीट न्याय देतो.
'नाही सर. फामीय.'
एल कुठं गेले?
'त्यांचा य होते.' बाटलीचंही तेच. बुतेय.

खाली व्हॉल्वची चावी घेऊन
तिचा बाप उभा. देवानंद. पाचवी ब, खिडकीजवळचा बाक.
त्यानं एकदा उभं राहून वाचलं होतं:
'आमच्या शायेजवय तयं आहे.'
तीन ळ. तीन छड्या.
मी मोजूनच मारायचो.
आणि संध्याकाळी घरी माय विचारायची,
'केयं खातं का रे?'
मी खायचो.

'सर,' देवानंद वर बघत म्हणतो,
'म्हंजे तवा मी फ्रेंच बोलत होतो
अन् तुमी मले मारलं.'
त्याच्या आवाजात राग नाही,
मी शोधला.
तो चावी फिरवतो. पाइपातून पाणी
धडधडत आमच्या पाठीमागं चढत जातं.

अस्मिता वही पुढं सरकवते.
'आता तुम्ही म्हणा.'

मी तोंड उघडतो.
जीभ सवयीनं वर जाते, टाळूला टेकते.
तिला खाली बसवायला
थोडा वेळ लागतो.