मागची जागा

कलंडली ती काही वळणावर नाही.
गावाबाहेरच्या पेट्रोलपंपावर, उभ्या उभ्या,
खडीवर ऑर्वलचा डावा पाय जरासा सरकला
आणि नऊशे पौंडांचं ते धूड
गाय बसते तसं बसलं,
आधी गुडघे, मग सगळं अंग.

मी तेव्हा कॉफी आणायला आत गेले होते.
काचेतून दिसलं: दोन पोरं धावली,
एकाच्या तोंडात अर्धं सॉसेज,
एक, दोन, तीन म्हणत त्यांनी गाडी उचलली.
ऑर्वलने त्यांचे आभार मानले ते असे,
की त्यांनी त्याच्याकडून काहीतरी काढूनच घेतलं होतं.
डलुथ येईपर्यंत रेडिओ लावला नाही.

मग हिवाळा.
मार्चमध्ये सरोवरावरचा बर्फ रात्री कडकडू लागला
तेव्हा ताटातल्या बटाट्याकडे बघत तो म्हणाला,
"हलकी बघतोय, मार्लिस. एकट्याची."
मी म्हटलं, "बरं."
दोन वर्षं माझा मांडीचा सांधा
प्रत्येक सफरीनंतर आठवडाभर ठणकायचा,
हे मी त्याला सांगितलं नव्हतं.
त्याने मनगटांचं मला सांगितलं नव्हतं.
बटाटे गार झाले.

मोठी न्यायला विनिपेगहून डेस्मंड कोवलचुक आला,
वायरिंगची कामं करणारा, नोटा मोजताना ओठ हलवणारा.
त्याची बायको लारिसा माझ्या जागेवर चढून बसली,
पाठ टेकली, दोन्ही हात हातांवर ठेवले,
म्हणाली, "आमच्या सोफ्यापेक्षा बरं आहे."
मी तिला बाजूला घेतलं:
साठच्या पुढे डावा हात खुळखुळतो,
घडी घालून रुमाल खोच.
पाऊस लागला तर डोकं त्याच्या उजव्या खांद्यामागे घाल,
डाव्या नको, तिथून गळतं...
मग आठवलं, तो खांदा वेगळा.
"तुझं तू बघ," म्हटलं.

अठरा वर्षं मी हा देश दोन कडांनी पाहिला.
मोंटाना थोडा डावीकडून, थोडा उजवीकडून,
मधोमध ऑर्वल.
त्याच्या जाकिटाची पाठीवरची शिवण,
कॉलरपाशी उसवलेली, दोनदा मीच घातलेली,
मला कुठल्याही नकाशापेक्षा पाठ आहे.

नवी काळी आहे, बुटकी.
पुढे काच नाही, बाजूला पेट्या नाहीत,
बसायला थाळीएवढं चामडं.
मोठीचा आवाज जात्यासारखा, एकसंध, झोप आणणारा.
हिचा तुटक,
आठवून आठवून काही सांगितल्यासारखा.

पहिल्या दिवशी मी पायरीवर उभी राहिले,
हातात भांडी पुसायचं फडकं.
तो निघाला.
आणि माझ्या ध्यानात आलं,
अठरा वर्षांत मी याला जाताना पाहिलेलंच नाही.
जायचे त्यात मीही असायचे.

लांबून ती पाठ भलतीच.
शिवण दिसत नाही.
टपालाच्या पेटीपाशी रस्ता वळतो,
तिथे पोचायच्या जरा आधी
त्याचा डावा हात हँडलवरून सुटला,
मागे गेला,
माझा गुडघा जिथे असतो तिथल्या हवेला
दोनदा थोपटलं:
धर, वळतोय.

मी कठडा धरला.

चाळीस मिनिटांनी आला, मिशीत चिलटं.
"एका पायावर उभी राहते बघ! एका पायावर!"
तीनदा करून दाखवलं, शाळकरी पोरासारखं.
मग हेल्मेट काखेत धरून, माझ्याकडे न बघता:
"कसा दिसलो?"

"मोठा," मी म्हटलं.
खरंच होतं ते. त्या धुडावर
तो सामानातलाच एक नग वाटत असणार.

हाताचं काही बोलले नाही.
म्हटलं, बूट बाहेर काढ,
आत्ताच पुसलंय.