जागेअभावी

संपादकांनी कळवलं : पंधराशे शब्द, त्यावर एकही नको.
म्हणून आम्ही लिहिलं, ‘३१ वर्षांची विवाहित स्त्री,
सात वर्षांपासून वारंवार पोटदुखी.’
ती चिटणीस की गोठमध्ये राहते,
दुकानांसाठी परकर शिवते,
कळ आली की मशीनच्या फळीवर कपाळ टेकते
आणि पाय मात्र पायडल मारत राहतात,
हे गाळलं.

सात वर्षांत तिचं अपेंडिक्स गेलं, मग पित्ताशय.
दोन्ही निरोगी निघाली, तसा लेखी अहवाल आहे.
मग कुणीतरी घाईघाईत लिहिलं ‘हिस्टेरिया’,
आणि तो शब्द पुढच्या प्रत्येक केसपेपरवर
वारसाहक्कानं उतरत गेला.
मीही उतरवला. चौदा जानेवारीची रात्र, अक्षर माझंच.

त्या आठवड्यात ग्वाल्हेरला सूर्य नव्हता.
कंपूच्या रस्त्यावर दुपारी बारालाही रिक्षांचे दिवे.
सोडियम एकशे अठरा. ती भिंतीशी बोलत होती :
‘वहिनी, कात्री द्या ना, दोरा अडकलाय.’
पोट दाबून पाहिलं, मऊ.
दर वेळी मऊच.
एवढं ओरडणं आणि एवढं मऊ पोट,
हाच तर आमचा तिच्याविरुद्धचा पुरावा.

रामकली कुशवाह, आया, बावीस वर्षं याच वॉर्डात.
लघवीची बाटली लॅबमध्ये न्यायची विसरली,
खिडकीत ठेवली आणि चहाला गेली.
दुसऱ्या दिवशी ऊन पडलं.
राउंडच्या मध्यात तिनं माझी बाही ओढली :
‘मैडमजी, जे देखो. कल पानी जैसी हती.’
बाटलीत जांभळाचा रस.
जांभळाचा नाही. नवा परकर पहिल्यांदा भिजवला
की बादलीत जे उतरतं, ते.

पुस्तकात त्या पानावर माझीच पेन्सिल होती,
कॉलेजातली. समासात लिहिलेलं :
‘परीक्षेला विचारत नाहीत.’

द्रावणाचे थेंब टाकले, नळी गुलाबी झाली.
पॉर्फिरिया, मी म्हटलं.
नवऱ्यानं तो शब्द परत म्हणून पाहिला, जमला नाही.
‘म्हणजे आहे ना काहीतरी?’ म्हणाला,
आणि कॉरिडॉरमध्ये जमिनीवरच बसला.

औषध परदेशी, महाग. मागवलं, आलं नाही.
शिरेतून साखर दिली, दिवसरात्र साखर,
तीच, जी ती दोन्ही नवरात्रांत नऊ-नऊ दिवस
तोंडाला लावत नव्हती.
सोमवार निरंकार, चतुर्थी निरंकार,
कशासाठी, तर पोटासाठी.
दुखलं की उपास वाढवायचा,
उपास वाढला की दुखायचं.
थोरल्या जावेनं, कुमुदवहिनींनी, दुधाचं कॅलेंडर आणून दाखवलं :
फुली म्हणजे दूध आलं नाही,
गोल म्हणजे ही लोळत होती.
चैत्रात आणि आश्विनात गोलांची दाटी.
सहा डॉक्टरांना जे दिसलं नाही
ते भिंतीवर खिळ्याला टांगलेलं होतं.

लेखकांत सहा नावं आहेत. माझं दुसरं.
शेवटी एक ओळ होती आभाराची,
रामकली आणि कुमुदवहिनी, दोघींची.
जागेअभावी गेली.

घरी जायच्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली.
‘एक लिहून द्या. उपास करायचा नाही, असं.
मोठ्या अक्षरात. आणि शिक्का हवा,
नुसत्या शब्दावर सासूबाई ऐकायच्या नाहीत.’
इतक्या वर्षांत मी इतकं सुवाच्य काही लिहिलं नव्हतं.
शाईचं पॅड वाळलेलं. रामकलीनं दोन थेंब पाणी घातलं.
शिक्का उमटला, फिका, जांभळट.

तिनं कागद फुंकून वाळवला, घडी घातली,
दारापर्यंत गेली, परत आली.
‘साबुदाणा चालेल का?’
चालेल, म्हटलं. पोटभर.
आणि वर रात्री जेवायचंसुद्धा.