अर्धी मात्रा

पहाटे पावणेपाचला मासळीच्या कारखान्याची पाळी सुटते
आणि कुझुमाकी सावाए जिना चढून येते.
खोली सात, एकटीची, दीड तास, बार्लीचा गरम चहा.
मी पावती फाडतो. हाचिनोहेत या वेळी जागे असतात
ते बांगड्यांचा लिलाव पुकारणारे, समुद्रपक्षी आणि आम्ही दोघं.

ती निवडते ती गाणी माणसासाठी रचलेली नाहीत.
संगणकाच्या पोटातला तो आवाज,
पोरसवदा, काचेच्या कडेसारखा,
पियानोच्या उजव्या टोकाला राहणारा,
जिथे आमच्या शाळेत नुसती धूळ असायची.
मिनिटाला दोनशेवर ठोके, ठोक्यात चार-चार अक्षरं
आणि स्वल्पविराम कुठेच नाही.
ज्याला फुप्फुसच नाही त्याचं काय जातंय,
उघड्या नळासारखा सांडत राहतो.

सावाए पहिली ओळ धरते, दुसरी कशीबशी गाठते,
तिसरीत तिचा घसा किटलीसारखी शिट्टी मारतो,
चौथी ती फक्त ओठांनी म्हणते
आणि पडद्यावरची अक्षरं रंग बदलत पुढे निघून जातात
चुकलेल्या बससारखी.
नाही, बस निदान थांब्यावर थांबते तरी.

गुण एकसष्ट. खाली यंत्राचा सल्ला:
श्वासाकडे लक्ष द्या.

एकदा चहा ठेवताना मी म्हटलं, बाई,
रिमोटवर पट्टी उतरवायचं बटण आहे,
पाच-सहा घरं खाली या, कोण बघतंय?
शाळेतली पोरं उतरतात,
दातांचे डॉक्टर ओनोदेरा तर अख्खं सप्तक उतरतात
आणि वर टाळ्याही मागतात.
ती म्हणाली, "खाली आणलं की ते माझं होईल.
मला त्याचं गायचंय."
कुणाचं, ते मी विचारलं नाही.
काउंटरवरच्या माणसाने चहा द्यावा, सुटे पैसे द्यावेत.

मग फेब्रुवारीत, रस्ते बर्फाने बंद होते तेव्हा
एक किडकिडीत माणूस तिला न्यायला आला.
दोन मजले चढून काउंटरला धरून उभा राहिला,
बोट वर केलं: एक मिनिट.
खिशातून निळा फवारा काढला, दोनदा ओढला.
त्याच्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती.
ती शिट्टी मी ओळखली.
तिसरी ओळ.

"सातमधलं गाणं माझं आहे," तो म्हणाला.
"ती माझी बहीण."
नवव्या वर्षी दम्याने शाळा सोडवली,
खिडकीला चिकटपट्ट्या लावलेल्या खोलीत
माऊसने एकेक सूर उचलून ठेवत त्याने ही गाणी रचली.
मी म्हटलं, अहो, श्वास घ्यायला जागा तरी ठेवायची.
"सुचलंच नाही," तो म्हणाला,
आणि थोड्या वेळाने, भिंतीकडे बघत,
"सुचलं होतं खरं तर. म्हटलं, एकाला तरी
त्याची गरज नसू दे."

भिंतीपलीकडे सावाए तिसऱ्या ओळीत फाटली.
तो हसला, मग खोकला, मग दोन्ही एकदम.

एप्रिलच्या यादीत त्याचं नवं गाणं आलं.
तितकंच उंच, तितकंच निर्दय,
पण तिसऱ्या ओळीनंतर
अर्धी मात्रा रिकामी.
सावाएने तिथे श्वास घेतला,
इतका मोठा की माइकने तोही उचलला,
मला काउंटरवर ऐकू आला
दाराखालून आलेल्या वाऱ्यासारखा.
गुण त्रेसष्ट. बाहेर आली तेव्हा कान लाल.

गाडीत वाट बघणाऱ्या भावाला मी छत्री नेऊन दिली,
विचारलंही.
"चूक राहिली," तो म्हणाला. "दुरुस्त करीन."
आता ऑगस्ट चाललाय, अजून केलेली नाही.

काल गल्ला मोजून झाल्यावर
मी सातमध्ये शिरलो आणि दार लावून घेतलं.
वय चौसष्ट, चाळीस वर्षांच्या सिगारेटी.
पट्टी उतरवली नाही.
गुण चौतीस.
त्या अर्ध्या मात्रेला मात्र
मी अगदी वेळेवर पोचलो.