खालचा काबरेटर

पंचायतीच्या खोलीतून मोटर बाहेर काढली
तेव्हा झाकणाखाली पालीची दोन अंडी निघाली.
आषाढाच्या आत चालू कर की गं, सदस्य म्हणाले,
नवी बोट कधी येणार ते चिकोडीलाही ठाऊक नाही.

बा कट्ट्यावर बसलाय, तायाप्पा अंबी.
उजव्या हाताला कंप, म्हणून पाना माझ्याकडं.
घरातून दोन ताटं मागवली त्यानं.
वरच्या काबरेटरचं या ताटात, खालच्याचं त्या.
"भावंडं असली तरी
एकाचं दुसऱ्याला बसत नाही."

पेट्रोलची नळी सुटली, चोकची तार सुटली.
दोघांना जोडणारी सळई काढण्याआधी
मी मोबाइलवर तिचा फोटो घेतला.
एक नट काही केल्या हलेना.
त्याच्यावर डिझेल सोडलं आणि आम्ही चहा प्यालो.

कन्नडात काय म्हणतात रे याला?
काबरेटर.
आणि मराठीत?
"तेच की. यावरनं अजून कुणी मोर्चा नाही काढला."

वाटी उघडली. आत पेट्रोल कुठलं,
काकवी झाली होती त्याची,
फ्लोट तिच्यात माशीसारखा रुतलेला.
पितळी जेट फिरवून काढले, उजेडाला धरले.
वरच्यातून मोहरीएवढं आभाळ दिसलं.
खालच्यातून काही नाही.

"सुई घालू नको. भोक वाढतंय,
मग जन्मभर जास्तीचं पीत बसतंय.
केरसुणीचं काड घे."

काडाच्या टोकाला आलं ते पिवळं होतं.
गाळ नव्हे. मांजरीत राहून
कृष्णेचा गाळ न ओळखायला काय झालं,
आमच्या देवांच्या डोळ्यांतसुद्धा आहे तो.

त्या पुरात अकरा माणसं,
बाळव्वाची शेळी आणि एक शिवणयंत्र घेऊन
मळ्याकडून येताना मोटर घोगरी झाली, मग गप्प.
बोट उसाच्या शेंड्यांवरून घासत गेली
आणि विजेच्या खांबाला अडकली. रात्रभर.
माणसं आली. शेळी आली.
शिवणयंत्र पाण्याला द्यावं लागलं.
गंजी केंद्रात लोक म्हणाले, अंबी प्यालेला होता.
बा एवढंच म्हणायचा,
पेट्रोलात भेसळ होती.

मी चौदाची होते.
त्या सकाळी नळीच्या सांध्यातून गळत होतं,
बा दोर सोडवत होता, सगळे ओरडत होते.
मोटारसायकलच्या टाकीला लावताना पाहिलं होतं
तसा मी कपड्यांचा साबण सांध्यात दाबला.
गळायचं थांबलं.
शाबासकीसाठी नंतर सांगणार होते.

आता ते पिवळं मी बोटावर घेतलं,
तांब्यातल्या पाण्याचा थेंब टाकला, चोळलं.
फेस आला.

सात वर्षं तो तिथं होता
आणि अजून फेस येत होता.

बा बघत होता. केव्हापासून, कळलं नाही.
"इर्ली बिडू," म्हणाला. राहू दे.
मग बराच वेळानं,
"केंद्रात तुझी आई साबण शोधत होती.
नवा आणलेला. अर्धाच निघाला."

म्हणजे तुला –

"वरची गाळणी फाटलेली होती, ती माझी चूक.
आणि लोक बोलले ते बरंच झालं,
त्या दिवशी नव्हतो प्यालो, पण बाकीचे दिवस होतो की.
हवेचा स्क्रू पूर्ण आत घे.
आता दीड फेरा मागं. दीड म्हटलं मी."

माझा हात थरथरत होता,
स्क्रूच्या खाचेतून पेचकस दोनदा निसटला.
त्यानं त्याचा कापरा हात माझ्या हातावर ठेवला.
त्यानं काही फरक पडला नाही,
उलट तिसऱ्यांदा निसटला.

पिंपात पाणी भरून मोटर उभी केली.
पाचव्या ओढीला लागली.
धूर थेट शाळेच्या पडवीत गेला,
मुलं कानांवर हात ठेवून बघायला आली.

कट्ट्यावर, दोन्ही ताटांच्या मधे,
एक वॉशर उरला होता.
कुठल्या भावंडाचा, ते आम्हा दोघांनाही सांगता येईना.