उभं आधी

सीताबर्डीला दोन मेट्रो एकमेकींना छेदतात,
एक खालून जाते, एक वरून.
तिथंच ठेवला मी शून्य, नववी ब साठी,
आणि फळ्यावर नागपूर पसरलं:
उजवीकडे प्रजापती नगर, डावीकडे लोकमान्य नगर,
वर कामठी रोड, खाली खापरी.

आधी आडवं चाला, म्हटलं, मग उभं चढा.
हा नियम आहे. का आहे ते विचारू नका.

पौर्णिमा शेंडेनं हात वर केला.
"मॅडम, माझा मामा जयताळ्याला राहते."
मग तो तिसऱ्या चरणात.
"म्हणजे दोन्ही मायनस?"
दोन्ही.
ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली,
"पण मामी भाजी मस्त बनवते."

आलेख कागद बावीस, पोट्टे एक्केचाळीस.
दोघांत एक, असं वाटलं, तरी एक उरला.
तो निहाल बारापात्रेनं घेतला, एकट्यानं, कोपऱ्यात.

मी बारा बिंदू सांगितले. क्रमानं जोडले की मासा होतो.
वर्गभर मासे झाले, सगळे उजवीकडे तोंड करून पोहणारे,
एखाद्याची शेपटी तुटलेली, एकाचा डोळा पोटाखाली.
निहालचा मासा मात्र शेपटीवर उभा,
नाक आभाळाकडे.

लाल पेनानं लिहिलं: क्रम चुकला.
मंगळवारी पुन्हा लिहिलं.
गुरुवारी तेच लिहून खाली दोन रेघा मारल्या,
(२, ५) आणि (५, २) यात फरक नसतो काय रे?
तो म्हणाला, "असते ना, मॅडम."
आणि (२, ५) वर जाऊन पाच खाणे चालला, मग वर दोन,
अगदी जपून, बोटानं मोजत.

शनिवारी शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही हवी होती.
तांडापेठेतली गल्ली, कूलरचा खडखडाट,
आतल्या खोलीत माग. त्यावर वाळत घातलेले शाळेचे दोन शर्ट.
बाप आता ई-रिक्षा चालवतो.
सही करता करता त्याचं लक्ष माझ्या पिशवीतल्या कागदांवर गेलं.
उठला, कपाटावरून एक गुंडाळी काढली:
पिवळा पडलेला चौकटीचा कागद,
किनारीची नक्षी, एकेक घर शाईनं भरलेलं.
"पोराला मीच शिकवलं, मॅडम, घरं मोजायला.
उभं आधी. ताणा लावल्याबिगर
बाणा कशावर भरता?"

चहा घेतला मी. दुसरं काय करणार होते.
साखर जास्त होती.

सोमवारी फळ्यावर दोन्ही मासे काढले,
एक आडवा, एक उभा, एकमेकांत घुसलेले.
विचारलं, कोणते बिंदू जागचे हलले नाहीत?
बराच गोंधळ झाला. मग मागून कुणी ओरडलं, चार-चार!
मग सात-सात. पट्टी लावली,
रेघ शून्यातून तिरपी निघाली
आणि दोन्ही माशांना सारखीच कापत गेली.
त्या रेघेवर कोणीकडूनही या, घर तेच.

निहालनं विचारलं, "मॅडम, पेपरात?"
पेपरात आधी आडवं.
"आणि घरी?"
घंटा झाली, म्हणून वाचले.

संध्याकाळी अग्रसेन चौकातून गाडी धरली,
बर्डीला उतरून खापरीची.
आधी आडवी, मग उभी. नियमात.
उज्ज्वल नगर येईस्तोवर लक्षात आलं
की रोज सकाळी शाळेत येताना
मी उभीनं निघते, आडवीनं पोचते,
आणि अकरा वर्षांत एकदाही
दुसऱ्या शाळेत उतरले नाही.

पर्समध्ये त्याचा कागद होता.
लाल शाई खोडता येत नाही.
बाजूला निळ्यानं लिहिलं: बरोबर, पण.
पणच्या पुढे काय लिहावं ते
अजून सुचलेलं नाही.